टेप संपते तिथून

करावे गावात, हार्डवेअरच्या दुकानावर तिसरा मजला.
भाडेकरूंच्या चपला ओलांडत वर गेलं
की हसुराम भोईरांचा क्लास.
पाटी नाही. फी दर रविवारी दोनशे,
मी विसरलो तर तेही विसरतात.

मी लिफ्ट दुरुस्त करतो.
सीवूड्सपासून घणसोलीपर्यंत
एकशे बारा लिफ्टांचे आवाज मला पाठ आहेत.
वय सेहेचाळीस. बोटांना ग्रीसची सवय होती,
तारेची नव्हती.
पहिल्या महिन्यात टोकांवर चार चरे पडले,
बारका स्क्रू उचलला तरी
हातात काही आहे हे कळेना.

गाणं मात्र हेच हवं होतं.
समोरच्या इमारतीच्या मशीनरूममध्ये
ब्रेकचं लायनिंग बदलताना खिडकीतून आलेलं.
वीस मिनिटांच्या कामाला मी तास लावला
आणि सोसायटीला सांगितलं, पार्ट मिळत नव्हता.

दोनच कॉर्ड. डी आणि सी.
तळमजला, पहिला मजला.
तळमजला, पहिला मजला.
यात शिकायचं काय, असं वाटलं होतं.
मी पायाने मोजत राहिलो,
आठ झाले की बदल, आठ झाले की बदल,
तर हसुरामांनी माझ्या पावलावर
आपलं पाऊल ठेवलं, अलगद.
"घाई कनाला करतंस?
गाना काय पलून चाललाय?"

कॅसेट त्यांना एका बोटीवरच्या इंजिनिअरने दिली,
एक्क्याण्णव साली, उधारीच्या बदल्यात.
कुठल्या देशातलं मैदान, कुठली रात्र, काही लिहिलेलं नाही.
लोक शिट्ट्या मारतात, जवळच कुणीतरी खोकतं,
आणि दोन गिटारी एकमेकींना वाट विचारत
गाण्यापासून इतक्या लांब जातात
की आता परत यायचं तर रिक्षा करावी लागेल.
मग अगदी ऐन रंगात,
खट्ट.
पंचेचाळीस मिनिटांची बाजू संपलेली.

हसुरामही तिथेच थांबतात. तळवा तारांवर. खट्ट.
तीस वर्षं.
"पुढं?" मी विचारलं.
"पुढं टेप नव्हती."

त्यांची आई धवलारीण होती.
हळद लागून होईपर्यंत तिचं गाणं संपायचं नाही;
नवरीची मावशी उशिरा आली तर मावशीचं नाव घालायची,
मांडवाचा बांबू कलला तर बांबूचं.
"आन मी बग," हसुराम म्हणाले, "तिचाच पोर."
एवढंच म्हणाले, आणि माझी ई तार
उगीचच पुन्हा लावून दिली.

मला मात्र पूर्ण रेकॉर्डिंग सापडलं.
आता सगळंच सापडतं.
रात्री जेवण झाल्यावर, इअरफोन लावून,
खट्टच्या पुढची चार मिनिटं.
ते परत येतात हो. साधेपणाने.
पहिल्या दोन ओळी पुन्हा म्हणतात,
थँक यू म्हणतात, टाळ्या.
मी फोन उलटा ठेवला.
बायको म्हणाली, काय झालं? म्हटलं, काही नाही,
एक लिफ्ट पोचली.

त्यांना सांगितलं नाही. अजून नाही.

परवाच्या रविवारी आम्ही दोघं वाजवत होतो.
ती जागा जवळ आली, मला ती आता
पोटात कळते, मजला यायच्या आधी कळतो तशी.
त्यांचा तळवा तारांवर उतरायला निघाला
आणि माझा हात थांबलाच नाही.
चुकीचं वाजलं, निदान त्या चार मिनिटांत नव्हतं असलं काही.
सी जरा जास्तच लांबला.
हसुरामांचा तळवा हवेत तसाच.
माझ्याकडे बघितलं,
रागाने की कसं ते सांगता येणार नाही,
आणि हात हळूच पुन्हा पट्टीवर गेला.

खालून भाडेकरीण ओरडली, मोटर बंद करा, टाकी भरली.
कुणीच उठलं नाही.

मग माझाच फोन. सेक्टर बेचाळीस,
लिफ्ट चौथ्या-पाचव्याच्या मधे,
रिकामी आहे, पण लगेच या.
मी गिटार भिंतीला टेकवली, पिशवी घेतली.
त्यांनी मान वर केली नाही.
जिन्यात ऐकू येत होतं. दुकानापाशीही.
तलावाच्या कोपऱ्यावर स्कूटर वळवेपर्यंत
थांबलं नव्हतं.