दोन पैसे देणे

लढाई संपली म्हणे,
पण इतवारीत चिल्लर काही परतली नाही.
झिंगरूजी निमजे सिगारेटची पाकिटं कापत,
कोऱ्या बाजूवर पोराकडून लिहून घेत: दोन पैसे देणे.
खाली जांभळा अंगठा. सही येत नव्हती.

त्या अंगठ्यावर मिलची पहिली पाळी चहा प्यायची.
एक चिठ्ठी तर आरतीच्या ताटातही पडली;
पुजारी बोलला नाही,
संध्याकाळी तिच्या विड्या घेऊन गेला.

झिंगरूजी गेले त्या उन्हाळ्यात
आई तीन चिठ्ठ्या घेऊन दुकानावर गेली.
पोरगा गल्ल्यावर, मुंडण ताजं.
“काही नाही रे बाप्पा, सहजच आली,”
म्हणाली, अन् मूठ उघडलीच नाही.

तिच्या हळदीच्या डब्यात आहे अजून
तो दीड आणा.
जांभळा उडाला.
रेषा दिसतात.