रेघ

रेघ पुसू नका, पंचनामा व्हायचाय,
असं तलाठी सांगून गेले.
म्हणून दिवाळीलाही चुना लावला नाही.
पेठेतल्या गोदामांची हळद कालवून आलेलं पाणी
माझ्या भिंतीवर छातीइतकं थांबलेलं, अजून पिवळं.

सात मशिनी होत्या.
सहा किलोवर गेल्या.
सातवीला रोज रॉकेल पाजते,
अर्धं चाक फिरतं, मग अडतं.

दुकान भाड्याचं, म्हणजे नुकसान मालकाचं,
म्हणाले साहेब.
आणि गिऱ्हाइकांचे ब्लाउज?
ब्लाउजला रकानाच नव्हता.

आज डबे घेऊन पेंटर आला, वार्डातल्या अपक्षाचा.
भिंत पाहिजे म्हणाला.
निशाणी शिलाई मशीन.

काढ, म्हटलं, पण रेघेच्या वर.
शिडीवर चढून, जीभ दातात धरून
त्यानं चाक काढलं, सुई काढली, रीळसुद्धा.
शेजारी ठळक: सांगली पुन्हा उभी करू.

पट्टा राहिला की रे. आणि पायटा?

मावशी, ही कुठं चालवायचीय!

तो चहाला गेला तेवढ्यात
ब्रश मी उचलला.
पट्टा ओढला सरळ खाली,
रेघ ओलांडून,
पाणी होतं तिथपर्यंत.