पाणी कुठं मुरतंय

कीथली. जानेवारी. सकाळचे सहा-दहा.
चावी फिरवली की माझी तेवीस वर्षांची रोव्हर
आधी खोकते, मग पांढरं ओकते,
समोरचं घर दिसेनासं होतं.

क्लिफर्ड गाऊनवरच बाहेर येतो.
बस डेपोत एकतीस वर्षं काढलेला माणूस.
सायलेन्सरमागे तळहात धरतो,
झोपलेल्या पोराच्या नाकाशी धरावा तसा.
"नुसती थंडीची वाफ असती तर एव्हाना विरली असती."
हात हुंगतो. मग माझ्यापुढे करतो.

गोड.
पाक करपायच्या आधी येतो तसा वास,
पण भूक मारणारा.

निळा म्हणजे तेल जळतंय, काळा म्हणजे अधाशीपणा,
पांढऱ्याची मात्र चौकशी करावी लागते, म्हणतो,
आणि ऑइलचं झाकण काढून दाखवतो:
आतल्या बाजूला लोणी, ताकावर यावं तसं.
कूलंटच्या डब्यावर मी रविवारी रेघ मारलेली.
आज रेघेखाली दोन बोटं.
जमिनीवर एक थेंब नाही.

याला इंग्रजीत कसं सांगू?
आम्ही म्हणतो, पाणी कुठंतरी मुरतंय,
आणि तेव्हा गाडीबद्दल बोलत नसतो.

"हेड गॅस्केट. चारशे पौंड, नाहीतर भंगार."
तो वाकतो, बॉनेट पाडतो,
आणि मला दिसतो त्याच्या गाऊनचा पट्टा:
मागच्या हिवाळ्यात जेमतेम गाठ बसायची,
आता दोन वेढे.

डॉक्टरकडे जाऊन आलास का, विचारते.

इंजिन बंद कर आधी, म्हणतो.