कलम

एकूण एकेचाळीस अर्ज.
नावांवर काळी पट्टी, पानापानाला क्रमांक,
गुण द्यायला पाच रकाने.
समितीत दरवर्षी एक शेतकरी लागतो.
यंदा मी: अठरा बकऱ्या, चीजचं एक लहान शीतघर,
मानधन पंचाहत्तर डॉलर,
जे आधीच पिकअपच्या टायरात गेलेत.

नोव्हेंबर. अरूस्टुकचे बटाटे तळघरांत गेलेले.
चार वाजताच अंधार खिडकीला नाक लावतो.
शेगडीजवळ बसून मी वाचते:
कुणाला पॉलिहाऊस, कुणाला गाजरं धुवायचं यंत्र,
कुणाला शाळेच्या स्वयंपाकघरात
गावचाच घेवडा पोचवायला व्हॅन.
सगळे 'शाश्वत' लिहितात,
एकाने तर 'परिसंस्था' सहा वेळा.
मीही लिहिलं होतं तीन वर्षांपूर्वी.
मिळालं नव्हतं.

सत्ताविसावा अर्ज पेन्सिलीने.
मागणी: तीनशे ऐंशी डॉलर.
कलमं बांधायचा दोन दिवसांचा वर्ग, बँगोरजवळ,
अधिक पेट्रोल, अधिक मोटेलची एक रात्र,
'कारण अंधारात मला गाडी चालवता येत नाही'.
व्यवसायवृद्धीची योजना: रिकामं.
लाभ किती जणांना: 'हरणं धरून?'
दहा वर्षांनी स्वतःला कुठे पाहता:
'जमिनीखाली. झाड वर असेल.'

झाड कुठलं, तेही लिहिलंय.
जुन्या रेल्वे शेडमागचं, पोकळ, एका फांदीवर तगलेलं.
सफरचंद आंबट, पण मार्चपर्यंत टिकतं.
नाव कुणालाच माहीत नाही.

मग कसली काळी पट्टी?
नऊ वर्षांची असताना त्याच शेडमागून
स्वेटरात सफरचंदं भरून मी पळाले होते
आणि एल्सवर्थ पोमर्लो मागून ओरडला होता,
"हिरवी आहेत गं, पोट दुखेल!"
दुखलं होतं.

नियमावली, कलम नऊ:
अर्जदार ओळखीचा निघाल्यास परीक्षकाने
तसं सांगावं आणि खोलीबाहेर जावं.
सांगितलं. गेले.
टाऊन हॉलच्या बाकावर, कॉफीच्या यंत्राशेजारी,
दाराआडचं काही ऐकू येतंय का बघत बसले.
नुसत्या खुर्च्या सरकल्या.

निम्मे मिळाले. एकशे नव्वद.
त्याने समितीला पोस्टकार्ड धाडलं:
'आभार. मग मी पहिल्याच दिवशी जातो.'

एप्रिल. कुंपणाखाली अजून मळका बर्फ.
तो माझ्या दाराशी,
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सात काड्या घेऊन,
पेन्सिलीएवढ्या, डोळे मिटलेल्या.
"पहिल्या दिवशी कापायला शिकवलं," म्हणाला,
"दुसऱ्या दिवशी जोडायला.
तुला येतं का जोडायला?"

नव्हतं येत.

कुंपणाकडेला रानटी सफरचंदाचे खुंट होते,
त्यांच्याशी गुडघे टेकून बसलो.
त्याचा काप तिरका, एका ओढीत,
एकोणऐंशीचा हात, पण पातं थरथरलं नाही.
सालीला साल भिडली पाहिजे,
एवढं त्याला कुणीतरी जेवणाच्या सुट्टीत सांगितलेलं.
मी दूधयंत्राच्या नळीची टेप गुंडाळली,
वरून चीजवर लावते ते लाल मेण ओतलं.
बोटं भाजली. एक काडी बकरीने खाल्ली.
उरलेल्या सहांकडे बघत तो म्हणाला,
"बँडेज केलेल्या पोरांसारखी दिसतात."

जूनमध्ये दोन धरली.
मेण फोडून एक पान आलं, उंदराच्या कानाएवढं.
फोन केला तर म्हणाला, "ठीक,"
आणि बराच वेळ फोन ठेवलाच नाही.

अहवालाचा छापील कागद त्याने वेळेत भरला.
खर्चाची पावती जोडली, पेट्रोलचे सुटे सेंटसुद्धा.
प्रशिक्षित व्यक्तींची संख्या:
'एक. अर्धा मी, अर्धी शेजारीण.'

कागद फिरत फिरत माझ्याच टेबलावर आला.
कलम नऊप्रमाणे
मी तो वाचायला नको होता.