दुपारी दोन दहा

तिजारे साहेब प्लॉट बघायला मे महिन्यातच जायचे.
मालक म्हणायचा, सकाळी या ना, चहा घेऊ.
ते म्हणायचे, दोन वाजता.

शंकरनगरच्या पुढे तेव्हा नुसते खुंटे गाडलेले ले-आउट.
घडीची खुर्ची, डोक्याला ओला दुपट्टा,
आणि शेजारी मी, मिटलेली छत्री धरून,
कारण छत्रीची सावली त्यांना मोजायची नव्हती.
"ऊन कुठून येऊन राहिलं ते बघ बे.
घर मग काढू."

लोकांना कमानी हव्या होत्या, फाटकावर सिंह.
त्यांनी दिली पश्चिमेला आंधळी भिंत,
दीड फुटी, मधे पोकळ,
आणि दर खोलीमागे कूलरसाठी सिमेंटचा ओटा.
ओट्याला नळ, नळाखाली मोरी,
मोरीचं पाणी थेट पपईच्या आळ्यात.
ट्रेसिंगवर कूलर मी तुटक रेषेत काढायचो.
मुंबईचा एक आर्किटेक्ट हसला होता त्यावर.
साहेब म्हणाले, या की मे महिन्यात राहायला.

छप्पर मात्र सपाटच. तिथे कुणाचं ऐकलं नाही.
देवतळ्यांच्या घरात अकरा पावसाळे पाणी गळलं
आणि अकराही जुलैत साहेब स्वतः
डांबराचा डबा घेऊन शिडी चढले.
देवतळेबाई खाली उतरल्यावर चहा द्यायच्या,
बोलायच्या नाहीत.

एकतीस घरं. आता नऊ.

परवा देवतळ्यांचा नातू आला.
स्कीम होते आहे, सात मजले.
पाडायलाही जुना मंजूर नकाशा लागतो म्हणे,
नासुप्रत फाइल सापडेना.
"काका, ते मागचे ओटे कशाला होते?
आम्ही कुंड्या ठेवतो."

पत्र्याच्या नळीतून गुंडाळी काढली.
कडा पापडासारख्या.
माझ्या शाईच्या रेषा, उत्तरेचा बाण,
आणि बैठकीच्या फरशीवर, तिरपी,
साहेबांची पेन्सिल:
१९ मे, दु. २.१०. निंबाची सावली इथवर.

निंब रस्ता रुंद केला तेव्हाच गेला.
शाई चुकली की मी ब्लेडने खरवडायचो,
पेन्सिलला तर साधं रबर पुरतं.
पुसून टाक, म्हणालेही होते, सबमिशनच्या आधी.
राहिलं.

नातवाला धरमपेठेत नेलं, मोठ्या मशीनवर
झेरॉक्स काढून दिली.
भिंती आल्या, ओटे आले,
तुटक रेषेतला कूलरसुद्धा.
पेन्सिल तेवढी उतरली नाही.