माशाचं तोंड कुणाकडे

नेहमीचं दुकान बंद होतं.
दाराला पुठ्ठा लावलेला : भावाचं लग्न, मंगळवारी उघडेल.
आत खुर्च्या टेबलांवर उलट्या, पाय वर केलेल्या,
आणि आम्ही पाच जण फुटपाथवर
इन्व्हरकार्गिलच्या त्या आडव्या वाऱ्यात,
जो दक्षिण ध्रुवावरून निघतो
आणि वाटेत कुठे टेकत नाही.

बाबा म्हणाले, घरी जाऊ, अंडी आहेत.
आई म्हणाली, सत्तर किलोमीटर, अंड्यांसाठी?
आणि रस्ता ओलांडून गेली.
समोर लाल दिव्यांत चिनी अक्षरं, शेवटचं विझलेलं.
त्यानं अर्थ किती बदलला
ते आम्हाला कळायचं काही कारण नव्हतं.

सांगायचं राहिलं :
गेल्या कातरणीपासून, म्हणजे मोजून आठ महिने,
बाबा आणि फर्गस बोलत नव्हते.
मेंढ्या काढून गाई घ्यायच्या का, एवढंच.
निरोप कुत्र्यामार्फत जात.
‘टॅस, याला सांग, वरचं फाटक उघडं राहिलंय.’
‘टॅस, सांग, मी नाही टाकलं.’
टॅस दोघांकडे बघून शेपटी हलवायचा.
म्हातारा झाला होता. त्याला मेंढ्याच बऱ्या वाटत असणार.

आत टेबल गोल होतं.
घरचं लांबट, त्याच्या टोकाला बाबा.
इथे टोकच नव्हतं,
तर ते टोपी हातात धरून जरा वेळ उभेच राहिले.

आयोना आत्यानं ब्रेड आणि लोणी मागितलं.
मिळालं, लगेच.
त्यामुळे ती थोडी खट्टू झाली.
बाबांनी एकसष्ट नंबरवर बोट ठेवलं.
चष्मा गाडीत राहिल्याचं कबूल केलं नाही.

एकसष्ट म्हणजे मासा. अख्खा.
शेपटीसकट, डोक्यासकट, वर आल्याच्या काड्या,
आणि डोळा उकडलेला, पांढरा.
याच समुद्रातला मासा आम्ही जन्मभर खाल्ला,
पिठात बुडवून तळलेला, कागदात गुंडाळलेला.
त्याला चेहरा असतो हे तेव्हा कळलं.

मालकाची मुलगी माझ्याएवढी.
गल्ल्याशी बसून अपूर्णांक सोडवत होती, ती उठून आली.
तिचा ‘र’ अगदी आमच्यासारखा, जाडा, लोळणारा.
ताट तिनं नीट फिरवून ठेवलं.
‘तोंड घरातल्या मोठ्याकडे.
त्यांनी आधी घ्यायचं. तोवर कुणी नाही.’
आणि गेली परत अपूर्णांकांकडे.

बाबा माशाकडे बघत होते, मासा बाबांकडे.
दोघांच्याही तोंडात मिठाची गुळणी.
आत्याचा ब्रेड हातातच राहिला.
टेबलाच्या मधोमध काचेची चकती होती,
ती फिरते हे आम्हाला अजून माहीत नव्हतं.
बाबांना सापडलं ते.
कातरीत पेर गेलेलं ते बोट त्यांनी कडेला टेकलं
आणि मासा निघाला,
आत्यासमोरून, आईसमोरून, माझ्यासमोरून,
जरा पुढे गेला,
मग बाबांनी दोन बोटं मागे आणला.
फर्गससमोर.

गल्ल्याशी मुलीनं मान वर केली.
एकदा ठेवलेला मासा फिरवायचा नसतो बहुतेक.
पण बोलली नाही, काहीतरी खोडून पुन्हा लिहू लागली.

‘काटे बघ,’ बाबा म्हणाले.
टॅस बाहेर गाडीत होता.
फर्गसनं इकडेतिकडे पाहिलं,
हे कुणाला सांगितलं म्हणून.
मग काटा उचलला, हात तेवढा थरथरला,
आणि गालाजवळचा तुकडा काढला,
कुणी न शिकवता, सर्वांत मऊ असतो तो.

पुढे ते दोघं भातावर बोलले,
म्हणजे भात चिकट आहे एवढं.
गाईंचं नाव निघालं नाही.
आत्यानं ब्रेड पिशवीत टाकला.
बिल आईनं दिलं.

परतीच्या वाटेवर गाडीत आल्याचा वास.
पुढून येत होता आणि मागूनही.
घरी उतरल्यावर अंगणात कळलं :
बाबांच्या खिशात रुमालात माशाचा तुकडा, काटे काढलेला.
फर्गसच्याही.
टॅसला त्या रात्री दोनदा खायला मिळालं,
निरोप एकही नाही.