सप्टेंबरपासून

हेडमास्तर अ‍ॅशक्रॉफ्टांचं पत्र आलंय, जाड कागदावर.
'कळवण्यास आनंद होतो' अशी सुरुवात,
म्हणजे काहीतरी बंद होणार.

सप्टेंबरपासून मुलांच्या शाळेत मुलीही येतील.
लॅटिन जाईल. शनिवारचे तास जातील.
वसतिगृह मिटेल, तिथे 'कल्पकता केंद्र' होईल;
कसली कल्पकता, ते पुढच्या पत्रात.

मी गेनॉर, मेट्रन.
एकोणतीस वर्षं या शाळेचे मोजे जुळवतेय.
वेल्सच्या सीमेवरच्या या दमट गावात
ते एकदाही वेळेवर वाळले नाहीत.
पत्रात याचा उल्लेख नाही.

रात्री अंथरूण ओलं करणाऱ्यांना
मी पहाटे पाचला, बाकीचे उठायच्या आत, हलवायचे.
चादर बदलायची.
दोघांनीही गप्प राहायचं.
त्यातला एक आता शाळेचा विश्वस्त आहे.
पत्राखाली त्याचीही सही आहे,
वळणदार, कोरडी.

माझं काय, ते चौथ्या परिच्छेदात:
'धुलाईची सेवा यापुढे बाहेरून घेतली जाईल.'
बाहेरून म्हणजे कुठून?
मी खिडकीतून पाहिलं.
टेकडी होती, मेंढ्या होत्या,
पोस्टाची लाल गाडी चिखलात मागे येत होती.

काल मुलींचे स्कर्ट आले, नमुन्यादाखल.
उलटे करून शिवण पाहिली. कच्ची आहे.
पण खिसा दिलाय, खोल.
हात घालून बघितला,
मनगटापर्यंत गेला.
पहिल्या आठवड्यात रुमाल लागतोच.

नावाच्या पट्ट्या अजून कुणी मागवल्या नाहीत.
सुई मात्र मी ओवून ठेवलीय.